कोणाकडून, कोणाला

भांड्यांवर नावं घालणं आणि माणसांना नावं ठेवणं ही दोन्ही कामं आमच्या दुकानात एकाच वेळी चालतात. पहिलं ती करते, दुसरं मी. मी तराजूपाशी बसते, एकोणीस वर्षं झाली. गिऱ्हाईक डबा घेणार की नुसता हात लावून जाणार, हे मला ते पायरीवर असतानाच कळतं, आणि त्याप्रमाणे माझं तोंड सुटतं. मालक म्हणतात, तुझी जीभ वजनावर विकली तर आपण दुसरं दुकान टाकू.

तिला आम्ही भुंगा म्हणतो. नाव घालायचं मशीन म्हणजे जाड पेनासारखं एक हत्यार, मागे वायर, पुढे सुई. बटण दाबलं की सुई थरथरते आणि स्टीलवर बारीक टिंबं पडत जातात. टिंबांची रेघ होते, रेघांचं अक्षर. त्याचा आवाज असा की शेजारचा घड्याळवाला दिवसातून चारदा भिंतीवर हात आपटतो. कोपऱ्यातल्या स्टुलावर, मांडीवर जाड फडकं, फडक्यावर भांडं आणि भांड्यावर वाकलेली ती. अक्षर झालं की त्यावर खडूची पूड चोळायची, फुंकर मारायची, आणि मग डोळे बाजूला ठेवून अंगठा फिरवायचा. चूक डोळ्याला दिसत नाही, अंगठ्याला लागते, असं तिचं म्हणणं. मी पुष्कळदा अंगठा फिरवून पाहिला, मला काही लागलं नाही.

मजकूर बहुधा ठरलेला असतो. वर कोणाकडून, खाली कोणाला, त्याखाली तारीख. कामाला लागली तेव्हा पहिल्याच महिन्यात तिने एका आत्याबाईंचा तांब्या उलटा करून ठेवला. आत्याबाई भाचीला देत होत्या, तिने भाचीकडून आत्याला घातलं. आत्याबाई दुकानात येऊन अशा कडाडल्या की घड्याळवालाही भिंत आपटायचं विसरला. "मी दिलं आणि माझ्याच नावावर घेणं दाखवलंत!" मालकांनी तांब्या पॉलिशला पाठवला, तरी जुन्या अक्षरांची सावली गेली नाही. तेव्हापासून दुकानात एक नियम झाला. मजकूर आधी कागदावर लिहायचा, गिऱ्हाइकाने वाचून खाली सही करायची, मगच सुई लावायची. त्या कागदाला आम्ही नमुना म्हणतो. नमुन्यावर सही असली की पुढची जबाबदारी गिऱ्हाइकाची.

ती लग्नाआधीपासून आमच्याकडे आहे. नऊ वर्षांपूर्वी लग्न झालं तेव्हा मालकांनी तिला पाण्याचं पिंप दिलं आणि त्यावर नाव तिनेच घातलं. नवरा पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात कारकून. गोरागोमटा, हळू बोलणारा, समोरच्याचं ऐकताना मान तिरकी करणारा. मला असल्या तिरक्या मानेचा पहिल्यापासून संशय. पण मला सगळ्यांचाच संशय असतो, त्यामुळे माझ्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

दीड वर्षांनी तिला दिवस गेले. चौथ्या महिन्यात नेहमीच्या तपासण्या झाल्या आणि रिपोर्टमध्ये एचआयव्ही निघाला. बाईला दिवस गेले की तिची तपासणी होतेच. पुरुषाला कधी दिवस जात नाहीत, त्यामुळे त्याला कुणी विचारत नाही. ज्याचा रिपोर्ट आधी आला त्याने रोग आणला, एवढंच लोकांना कळतं. पंधरा दिवसांनी नवऱ्यानेही परगावच्या केंद्रात तपासून घेतलं आणि पडलेल्या चेहऱ्याने घरी येऊन सांगितलं, मलाही झाला. मग काय! बिचारा! बायकोने घात केला, तरी बघा, टाकलं नाही तिला. कार्यालयात, गल्लीत, नात्यात तो देवमाणूस झाला. तिला मात्र लोक विचारू लागले, लग्नाआधी तू कुठे कुठे कामाला होतीस गं? एका चुलतसासूने तर आमच्या दुकानात येऊन मालकांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मालक सहासष्ट वर्षांचे आणि त्यांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

ती निमूटपणे गोळ्या घेऊ लागली. मुलगी झाली. दीड वर्षाची झाल्यावर तिची शेवटची तपासणी झाली आणि तिला काही नाही, असा लेखी रिपोर्ट आला. भुंग्याने त्या दिवशी दुकानात पेढ्यांऐवजी, पैसे नव्हते म्हणून, सगळ्यांना चहा पाजला आणि चहा देता देता रडली.

पण त्याआधीची एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती सांगताना मला अजून स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं. रिपोर्ट आल्यावर आठवड्याने तिची सासू दुकानात आली. पिशवीत एक ताट, एक वाटी, एक पेला. सुनेच्या पुढ्यात ठेवले आणि म्हणाली, "काठावर तीन तीन टिंबं घाल. म्हणजे घरात मिसळायला नकोत." भुंग्याचं पोट तेव्हा नुकतं दिसू लागलं होतं. तिने मांडीवर फडकं पसरलं आणि स्वतःच्या ताटावर स्वतःच्या हाताने तीन टिंबं पाडली. मग वाटीवर, मग पेल्यावर. सासूने त्यावर बोट फिरवून पाहिलं, पिशवीत भरलं आणि गेली. नवऱ्यालाही तोच आजार, पण त्याचं ताट कोरंच राहिलं, कारण त्याने आणला नव्हता ना! आणि मी, जिच्या जिभेवर दुसरं दुकान उघडायच्या गोष्टी होतात, ती मी तराजूतली वजनं पुसत बसले होते. ताटाने काही होत नाही, हे केंद्रातल्या सिस्टरने घरच्या सगळ्यांना बसवून सांगितलं होतं. सासूने मान डोलावली होती.

सात वर्षं ती त्या ताटात जेवली. ते ताट मांडणीवर नाही, मोरीच्या कट्ट्यावर उपडं असायचं.

यंदा नवरा कर्मचारी संघाचा सचिव झाला. साहेबांना वेळ मिळेना. इतकी वर्षं तो दर तीन महिन्यांनी परगावच्या केंद्रातून आपल्या गोळ्या आणायचा, आता म्हणाला, तू रांगेत उभी राहतेसच, माझ्याही घेऊन येत जा. पत्र देऊन त्याने नाव तिच्या केंद्रात बदलून घेतलं आणि त्याची उपचारांच्या नोंदींची पुस्तिका तिच्या हाती आली. पुस्तिकेचं पहिलं पान पुठ्ठ्याला चिकटलेलं होतं. सिस्टरने गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "पुढच्या वेळी हे पान सोडवून आणा. आम्हाला नोंद बघायला लागते."

ती तिथून थेट दुकानात आली. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. ब्लेडचं पातं दे म्हणाली, पान सोडवायचंय. मी पातं शोधत होते तेवढ्यात तिचा अंगठा सवयीने त्या पानाच्या पाठीवरून फिरला. लिहिणाऱ्याने बॉलपेन दाबून चालवला होता, अक्षरं मागून उमटली होती. अंगठा एका जागी थांबला. पुन्हा मागे गेला.

"ताई," ती म्हणाली, "यातलं साल चुकलंय."

"कसलं साल?"

"हे आमच्या लग्नाच्या आधीचं आहे."

मी पातं दिलं. तिने डबीचं लेबल काढावं तसं ते पान अलगद सोडवलं. खळ लावून चिकटवलं होतं. नोंदणीची तारीख अकरा जून, लग्नाच्या अकरा महिने आधीची. गोळ्या सुरू केल्याची तारीख मात्र जवळजवळ तीन वर्षांनंतरची, म्हणजे तिचा रिपोर्ट आला त्याच महिन्यातली. मधली सगळी घरं रिकामी. लग्न करायचं होतं, घरात गोळ्यांची डबी दिसली असती, म्हणून हा बाबा त्या वाटेला फिरकलाच नव्हता. आणि खाली आणखी एक ओळ. सोबत आलेली व्यक्ती. पुढे निळ्या शाईत एकच शब्द: आई.

तिने त्या शब्दावर अंगठा ठेवला. "मीपण त्यांना आईच म्हणते," एवढंच बोलली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, चल, आत्ता जाऊ, कार्यालयात जाऊन त्याच्या टेबलावर आपटू हे पुस्तक. पोलिसांत जाऊ. त्याच्या आईच्या झिंज्या उपटू. मी आणखीही बरंच म्हटलं, ते लिहिण्यासारखं नाही.

"ते म्हणतील खोटं आहे. पुस्तक जाळतील. मला बाहेर काढतील आणि मुलीला ठेवून घेतील. देवमाणूस आहेत ते, ताई. माझं कोण ऐकेल?" तिने पुस्तिका ब्लाउजच्या आत सरकवली. "सिस्टर म्हणाली होती एकदा, वेळेवर गोळ्या घेणाऱ्याकडून दुसऱ्याला होत नाही. त्यांनी लग्नाआधी सुरू केल्या असत्या तर मी आज धडधाकट असते. हे त्यांना ठाऊक होतं. आईंनाही ठाऊक होतं."

मग तिने समोरचा अर्धवट राहिलेला डबा उचलला आणि कुणाचं तरी नाव पुरं केलं. आठ दिवस ती मान खाली घालून मशीन चालवत होती. मी रोज तिच्या तोंडाकडे बघायची आणि दातओठ खायची.

नवव्या दिवशी सासू आली. पुन्हा पिशवी. या वेळी आत एक छोटं ताट होतं, मुलांचं, कडेला ससा कोरलेला. मुलगी पहिलीत गेली होती. सासूने ताट सुनेपुढे धरलं.

"हिच्याही ताटावर घालून टाक. आता घरात पोरं येतात जेवायला, दिराची दोघं येतात. उगाच मिसळायला नको."

"तिला काही नाहीये, आई. रिपोर्ट आहे."

"असेल. पण मुलगीच ना! तुझ्या पोटची. उद्या काही निघालं तर? मुलगा असता तर गोष्ट वेगळी होती." आणि माझ्याकडे बघून हसली, जणू मी तिच्याच बाजूची. "काय हो, काळजी घेतलेली बरी."

या वेळी मी तोंड उघडलंच होतं, पण भुंग्याने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. "ठेवून जा, आई," ती म्हणाली. "हल्ली काम फार आहे. दोन आठवडे लागतील."

सासू गेल्यावर तिने ते ताट माझ्या तराजूमागच्या फळीवर, खोक्यांच्या आड ठेवलं. "यावर टिंब पडलं ना ताई, तर मी जगून काय करायचं? मी नाही म्हटलं तर त्या नखपॉलिशने लावतील. हे त्यांच्याच तोंडून बंद झालं पाहिजे." तिचे डोळे कोरडे होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला तिची भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

त्याच आठवड्यात नवरा स्वतः दुकानात आला. संघाला पंचवीस वर्षं होत होती. सभागृहात कार्यक्रम, मोठे साहेब येणार, आणि प्रत्येक सभासदाला स्टीलचा एक ट्रे. दोनशे नग. घरचंच माणूस असताना बाहेर कशाला द्या, असं म्हणून मालकांपुढे मान तिरकी करून हसला. मजकूर त्याने सांगितला: संघाकडून, सभासदास, सप्रेम भेट, खाली तारीख. "तारीख साहेबांची वेळ मिळाली की कळवतो. नमुना घरी पाठवा हिच्याबरोबर, मी सही करतो." मालक म्हणाले, ठीक.

चार दिवसांनी कार्यक्रमाची तारीख ठरली. भुंग्याने नमुना लिहिला, छान, ठळक. मी वाचला. तारखेच्या जागी अकरा जून, आणि साल तेच, पुस्तिकेतलं.

"तो वाचेल की!" मी म्हटलं.

"नाही वाचणार," ती म्हणाली. "मी पुढे केलेलं त्यांनी कधी वाचलंय?"

खरंच नाही वाचलं. जेवून उठल्यावर तो फोनवर कुणाला तरी मंडपाच्या खुर्च्या सांगत होता. तिने कागद आणि पेन पुढे केलं, त्याने फोन खांद्याशी धरूनच सही ठोकली. मोठी, वळणदार, खाली दोन रेघांची. दुसऱ्या दिवशी तिने नमुना आणून मालकांना दिला. मालकांनी सही पाहिली, मोतीबिंदूने तारीख दिसलीच नाही, आणि नियमाप्रमाणे कागद खिळ्याला अडकवला.

मग तिने सहा दिवस नुसती नावं घातली. दिवसाला तीस-पस्तीस ट्रे. मी अशी तन्मय माणसं देवळातही पाहिलेली नाहीत. प्रत्येक ट्रेवर वरच्या ओळी ती नेहमीच्या हाताने घालायची, पण तारखेपाशी आली की हात जड व्हायचा. सुई खोल जायची. पूड चोळायची, फुंकर मारायची, अंगठा फिरवायची आणि दुसरा ट्रे ओढायची. ट्रे कागदात गुंडाळून खोक्यात भरायचं काम मी केलं, एकेक, घडी घट्ट घालून, कार्यक्रमाआधी कुणी उघडू नये म्हणून चिकटपट्टी लावून. यात माझा हात होता, हे मी कुणापुढेही कबूल करीन. सात वर्षं वजनं पुसत बसले होते, त्याची थोडी तरी फेड झाली.

सभागृह गच्च भरलं होतं. पुढे सभासद, मागे बायका-मुलं. भुंगा मागच्या रांगेत, मांडीवर मुलगी, एका बाजूला सासू, एका बाजूला मी. नवरा व्यासपीठावर, नव्या कोटात. भाषणं झाली. मोठे साहेब म्हणाले, आपले सचिव म्हणजे घरची एवढी दुःखं पोटात घालून संघासाठी झटणारा माणूस. टाळ्या झाल्या. बायका वळून भुंग्याकडे बघू लागल्या. ती सरळ समोर बघत होती.

मग ट्रे वाटले. पहिला साहेबांना. साहेबांनी कागद काढला, चष्मा लावला आणि माइकवरच कौतुकाने मोठ्याने वाचू लागले. संघाकडून, सभासदास, सप्रेम भेट. मग ते अडखळले.

"अकरा जून?" त्यांनी साल वाचलं. "सचिवसाहेब, ही हो कसली तारीख? संघ तर पंचवीस वर्षांचा. ही दहा वर्षांपूर्वीची!"

सभागृहभर कागदांची सळसळ झाली. जो तो आपापला ट्रे उघडू लागला. नवऱ्याने साहेबांच्या हातातून ट्रे घेतला. वाचला. मी त्याचं तोंड बघत होते, एक क्षणही सोडला नाही. आधी त्याला कळलंच नाही. मग कळलं. त्याची ती तिरकी मान पहिल्यांदा सरळ झाली. भुंग्याच्या पलीकडे सासूने तोंडावर पदर धरला, म्हणजे तिलाही तारीख पाठ होती.

पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "लग्नाची तारीख असेल! बायकोच नावं घालते ना!" सगळे हसले.

भुंगा उठून उभी राहिली. मुलीला तिने माझ्या मांडीवर दिलं. "लग्न त्यानंतर अकरा महिन्यांनी झालं," ती म्हणाली, आणि मशीनच्या आवाजावर बोलायची सवय असल्यामुळे ते पार व्यासपीठापर्यंत ऐकू गेलं. "तारखेचा अर्थ त्यांनाच विचारा. नमुन्यावर सही त्यांची आहे."

सगळे त्याच्याकडे बघू लागले. साहेबांनी माइक त्याच्या हातात दिला. चूक झाली म्हणावं तर सही त्याची, बायकोने खोडी केली म्हणावं तर लोक विचारणार, याच तारखेची का? शेवटी तो म्हणाला, "त्या दिवशी... त्या दिवशी मी मनात ठरवलं होतं, संघासाठी आयुष्य द्यायचं." आणि टाळ्या झाल्या! साहेबांनी तर त्याला मिठी मारली. दोनशे माणसं ते ट्रे काखोटीला मारून घरोघर गेली.

मी बाहेर येऊन कपाळावर हात मारला. "सुटला की गं मेला!"

"सुटला कुठे?" ती म्हणाली. "आता ज्या घरी जातील तिथे त्यांना पाणी त्याच ट्रेवर येईल. कुणी ना कुणी विचारील, काय ठरवलंत हो त्या दिवशी? दर वेळी नवं खोटं बोलावं लागेल. आणि खरं काय ते माझ्याकडे आहे. उद्या रविवार आहे, ताई. दुपारी आमच्याकडे चल. मला साक्षीला कुणीतरी हवंय."

दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत पलंग, टीव्ही, खिडकीत वाळत घातलेला नवा कोट. मागे स्वयंपाकघर, भिंतीला लोखंडी मांडणी, तिच्यात चकचकीत ताटं उभी, आणि मोरीच्या कट्ट्यावर एकटं उपडं ताट. जेवणाची वेळ होती. सासू वाढायला उभी, नवरा पाटावर, मुलगी भिंतीला टेकून. मला बघून दोघांची तोंडं आंबट झाली. भुंग्याने माझ्या पिशवीतून सशाचं ताट काढलं. कोरं होतं. ते तिने मुलीपुढे ठेवलं आणि त्याच्या शेजारी पुस्तिका ठेवली, पहिलं पान उघडून.

"बस कर आता," नवरा दबक्या आवाजात म्हणाला. "काल केलंस तेवढं पुरे नाही झालं? काय हवंय तुला?"

"तुझ्या तोंडून ऐकायचंय," ती म्हणाली.

मी दचकले. नऊ वर्षांत तिने त्याला अहो-जाहोशिवाय हाक मारलेली नव्हती. त्यालाही ते ऐकू आलं, कारण त्याने तिच्याकडे पाहिलं तसं मी त्याला कधी कुणाकडे बघताना पाहिलं नव्हतं. घाबरला होता.

"पोरीसमोर?"

"पोरीसमोरच. कळायला लागल्यापासून तिने मला त्या ताटात जेवताना पाहिलंय. शाळेत मुलं तिला विचारतात, तुझ्या आईने काय केलं? तूच सांग. कोणाकडून आणि कोणाला. आज नाही सांगितलंस तर उद्यापासून मी एकेका घरी जाईन. दोनशे घरं आहेत, मला घाई नाही. हातात पुस्तक असेल आणि त्यांच्याकडे ट्रे असेलच."

सासू मध्ये पडली. "अगं, झालं गेलं ते. संसार आहे, पुरुषमाणसाचं नाव..."

"तुम्ही थांबा. तुमचं येतंय पुढे."

त्याने पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. मग मुलीकडे न बघता पुटपुटला, "मला आधी झाला. लग्नाच्या आधी. माझ्याकडून तुझ्या आईला झाला."

"मोठ्याने."

त्याने पुन्हा सांगितलं, मोठ्याने. खिडकीतून शेजारच्या घरी गेलं असेल, गेलं असलं तर उत्तम.

मुलीने एवढंच ओळखलं असावं की बाबा पहिल्यांदा काहीतरी कबूल करतोय. ती पुस्तिकेवर वाकली. पहिलीतलं वाचन, बोट ठेवून, एकेक अक्षर सुटं. वरचं तिला वाचता येईना, म्हणून ती सोप्या शब्दांवर आली. "सो... ब... त. सोबत." बोट पुढे सरकलं. "आई." तिने मान वर करून भुंग्याकडे पाहिलं. "तू गेली होतीस बाबांसोबत?"

"नाही. तेव्हा मी नव्हतेच. ही त्यांची आई."

मुलगी वळली. आजी हातात डाव घेऊन उभी होती. ही मुलगी आजीच्या हातचंच जेवायची, आजीच्या कुशीत झोपायची, शाळेतून आली की आधी आजीला हाक मारायची. सासूने तिला आईपासून तोडून आपल्याकडे वळवलं होतं, सात वर्षं, गोडीगुलाबीने, रोज थोडं थोडं.

"आजी, तुला माहीत होतं?"

नाही म्हणायचं होतं सासूला, पण पुस्तिका समोर होती. "बाळा, तू लहान आहेस," ती म्हणाली आणि घाईघाईने सशाच्या ताटात वाढायला वाकली.

मुलीने ताट ओढून घेतलं. डावातलं जमिनीवर सांडलं. ती ताट उचलून मोरीपाशी गेली, कट्ट्यावरचं तीन टिंबांचं ताट दुसऱ्या हातात घेतलं आणि दोन्ही ताटं आणून आईच्या पुढ्यात ठेवली. "मला तू वाढ," म्हणाली. "आजी नको." सासू तिला हात लावायला गेली तर ती अंग चोरून माझ्यामागे लपली. सासू तिथेच खाली बसली, सांडलेल्यात, आणि रडू लागली. कुणी तिला उठवलं नाही. नवऱ्यानेही नाही.

भुंग्याने मुलीला वाढलं, मग स्वतःला, आणि दोघी शेजारी बसून जेवल्या. मलाही वाढलं. मी पोटभर जेवले, खोटं कशाला सांगू.

निघताना ती मला जिन्यापर्यंत सोडायला आली. आतून सासूचं हुंदके देणं ऐकू येत होतं, मुलीला हाका मारणं ऐकू येत होतं, आणि मुलीचं काहीच ऐकू येत नव्हतं. मी म्हटलं, "म्हातारीचा जीव पोरीत होता गं. तेवढं तरी..."

"ते मी मागितलं नव्हतं, ताई," भुंगा म्हणाली. "पण मिळालंय, तर परत देणार नाही."